अंत्यविधीच्या सामानाचं दुकान, पाचपैकी साडेचार स्टार

असल्या दुकानाचा कोणी रिव्ह्यू लिहिते का, असं बायको म्हणून राहिली, पण मला पहाटे साडेतीनला हाच रिव्ह्यू पाहिजे होता अन् कुठंच नव्हता, म्हणून लिहून राहिलो.

मे महिना, तोही नागपूरचा, पहाटेसुद्धा कूलर गरम हवाच फेकते. मोठेबाबा झोपेतच गेले, वय ८१, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. घरात चार ग्रॅज्युएट माणसं अन् एकालाही माहीत नाही का आता करायचं काय. मी तर मोबाईलवर 'तिरडी' टाईप करून पाहिलं, काय सांगू.

मग घाटाच्या रोडवरचं दुकान आठवलं. शटर अर्धं खाली, काका आत खाटेवर. उठले, तोंडावर पाणी मारलं अन् पहिले सामानाचं बोललेच नाही, डॉक्टर येऊन गेले का विचारलं. घरी मृत्यू झाला तर ज्यांची ट्रीटमेंट चालू होती त्या डॉक्टरकडून नमुना ४-अ चं सर्टिफिकेट घ्या, सोबत आधारची झेरॉक्स ठेवा, नाहीतर घाटावर अडकून बसाल म्हणे. घाटाची पावती सांभाळा, २१ दिवसांच्या आत नोंद करा, अन् दाखल्याच्या एकदमच दहा कॉप्या काढा कारण बँक, पेन्शन, एलआयसी सगळेच मागते. हे सगळं तणस बांधता बांधता.

मग घर कुठं आहे विचारलं अन् हात थांबले. "गार्ड साहेब का? अरे, ते दिवाळीनंतर येऊन गेले ना!"

वही काढली. बांबूचं माप लिहिलेलं, उंची पाच फूट नऊ इंच, अन् खाली मोठेबाबांच्या अक्षरात 'लाकूड नको, मोक्षकाष्ठ'. म्हणजे शेतातला कचरा दाबून केलेल्या कांड्या, एका चितेला तीनेकशे किलो लाकूड जाते, ते त्याच्यानं वाचते. ॲडव्हान्सही देऊन राहिले होते म्हणे, काका बोलले साहेब एवढी काय घाई, तर हे म्हणे गाडी टायमावर असली तर पंचाईत नको.

हा माणूस कुठंही जायचं असलं की गाडीच्या दीड तास आधी स्टेशनवर, पिशवीत कुलूप, मेणबत्ती, सुतळी, अन् आम्ही सगळे हसायचो. मी तिथंच बाकड्यावर बसलो, रडू आलं, काकांनी चहा आणला, दोघांनी प्यायला, घाई नाही केली.

सामान चांगलं, बांबू हिरवा, मडकं पक्कं, कापूर भरपूर. भाव वाजवी, सांगितला तेवढाच घेतला. अर्धा स्टार यासाठी कापला की शटरवरचा नंबर अर्धा पुसला आहे, नवीन माणसानं रात्री फोन कुठं लावायचा? अन् गुलालाचं पाकीट बिलात दोनदा लागलं होतं, दाखवल्यावर लगेच पैसे परत दिले. गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरनंच जा.

तेरवी झाल्यावर आई म्हणे मला त्या दुकानात ने. नेलं. वहीत आपली उंची लिहून आली अन् काकांना बजावून आली का बाबा सुतळी नको बांधू, कापडाची पट्टी बांध, सुतळी टोचते.