दफनभूमीच्या उत्खननात उन्हाळी स्वयंसेवा: मेनोर्का की महाराष्ट्र?

पुरातत्त्वाची ओढ आहे, मे-जूनची सुट्टी हाताशी आहे आणि एखाद्या प्राचीन दफनभूमीच्या उत्खननात प्रत्यक्ष काम करावे असे मनात आहे, अशा व्यक्तीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. युरोपातील एखाद्या उन्हाळी प्रशिक्षणवर्गात शुल्क भरून सहभागी होणे ही एक, आणि आपल्याकडील विद्यापीठाच्या किंवा संशोधनसंस्थेच्या उत्खननात शिकाऊ म्हणून जाणे ही दुसरी. पहिल्या वाटेसाठी स्पेनच्या मेनोर्का बेटावरील सानिसेरा या रोमन वसाहतीचे, तर दुसरीसाठी विदर्भातील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांचे (दफनांभोवती रचलेल्या मोठ्या धोंड्यांच्या कड्यांचे) आणि पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उदाहरण मी येथे घेतले आहे. तिन्ही ठिकाणी माणसांची दफने सापडली आहेत. मात्र मातीत हात घालणाऱ्याच्या वाट्याला येणारे काम तिन्हीकडे फार वेगळे असते.

पहिला प्रश्न ऋतूचा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येतो. महाराष्ट्रात उत्खनन उन्हाळ्यात सहसा होत नाही. पावसाळा संपून शेते मोकळी झाली की कामाला सुरुवात होते आणि ऊन तापण्याआधी खड्डे आवरले जातात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो. नवतप्याच्या दिवसांत उघड्या माळावर दगडांच्या राशी उपसणे माणसाला तर सोसणारे नाहीच, शिवाय नुकतेच उघडे पडलेले हाड त्या उन्हात झपाट्याने सुकते आणि तडकते. युरोपात चित्र नेमके उलटे आहे. तेथे विद्यापीठांना सुट्टी असते, दिवस मोठा असतो आणि जमीन कोरडी असते, म्हणून उन्हाळा हाच उत्खननाचा हंगाम. ज्यांना केवळ मे-जूनच मोकळा आहे त्यांच्यासाठी निर्णयाचा निम्मा भाग येथेच होऊन जातो.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा. भारतात कोणतेही उत्खनन करण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि तो ठरावीक संस्थेला, ठरावीक स्थळासाठी व ठरावीक हंगामापुरता मिळतो. अर्ज भरून कोणालाही येता येईल अशी खुली स्वयंसेवेची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. उत्खननावर दिसतात ते बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधक आणि गावातील मजूर. विद्यार्थी नसलेल्याने आत शिरण्याचा खरा मार्ग अभ्यासक्रमातून जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पदव्युत्तर शिक्षण किंवा मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातून आजवर चाललेले पुरातत्त्वाचे वर्ग ही त्याची उदाहरणे. अशा वर्गातून ओळख झाली, सर्वेक्षणात किंवा खापरांच्या वर्गीकरणात नेटाने काम केले, की पुढे उत्खननाचे बोलावणे येण्याची शक्यता वाढते. ही वाट लांब आहे, पण माझ्या मते ती न्याय्य आहे, कारण उत्खनन म्हणजे पुरावा एकदाच वाचून कायमचा मोडणे होय, आणि ते अनोळखी हातांवर सोडताना प्रमुखाने कचरणे स्वाभाविक आहे.

सानिसेराची रचना या बाबतीत वेगळी आहे. इसवी सनपूर्व १२३ मध्ये क्विंटस मेटेलस या रोमन सेनापतीने बालेआरिक बेटे जिंकली. त्यानंतर मेनोर्काच्या उत्तर टोकाला, काव्हायेरियाच्या भूशिरापाशी, आधी रोमन लष्करी ठाणे आणि मग बंदराच्या काठी वस्ती वाढली. या वस्तीचे नाव प्लिनी या रोमन लेखकाने बेटावरील गावांत नोंदवले आहे. उत्तर-रोमन काळातील दफनभूमीसह या स्थळावर परदेशी विद्यार्थ्यांना घेऊन अनेक उन्हाळे वर्ग चालवले गेले आहेत. अशा वर्गात पूर्वानुभवाची अट सहसा नसते. शुल्क, प्रकृती आणि इंग्रजी समजणे एवढ्यावर प्रवेश मिळतो. सकाळी उत्खनन आणि दुपारी प्रयोगशाळेत हाडांची स्वच्छता, नोंद व मोजमाप असा त्यांचा सर्वसाधारण दिनक्रम असतो. चालू वर्षाचे वर्ग, तारखा आणि शुल्क मात्र थेट संस्थेकडूनच पडताळून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण निवड खरे तर त्यावरच व्हायला हवी. सानिसेरासारख्या दफनभूमीत एका थडग्यापुढे दिवसचे दिवस बसावे लागते. कुदळ आणि खुरपे वरच्या थरापुरते. सांगाडा दिसू लागला की लाकडाच्या किंवा बांबूच्या कोरण्या आणि मऊ ब्रश यांखेरीज काही वापरायचे नसते, कारण धातूचा ओरखडा नंतर शस्त्राच्या जखमेसारखा भासू शकतो. उजव्या आणि डाव्या हाताची बोटे वेगवेगळ्या पिशव्यांत जातात. कटिभागाखालची माती बारीक चाळणीने चाळतात, कारण न जन्मलेल्या मुलाची हाडे तेथेच सापडू शकतात. डीएनएसाठी नमुना घ्यायचा असेल तर हातमोजे व मुखपट्टी घालतात, कवटीतील कानाजवळचे घट्ट हाड जपतात आणि ते पाण्याने धुत नाहीत. हे सारे तीन आठवड्यांत हाताखालून जाणे ही या वर्गाची खरी कमाई आहे.

विदर्भात हाडे बहुधा तुकड्यांच्या रूपात मिळतात. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये येथे शास्त्रीय उत्खनन केले. मोठ्या धोंड्यांचे कडे आणि आत दगड-मुरुमाची भर अशी या वर्तुळांची घडण असते. खणताना वर्तुळाचे चार भाग पाडतात आणि आधी समोरासमोरचे दोन उपसतात, म्हणजे मधल्या भिंतींत भराव कसा घातला गेला ते थर वाचता येतात. येथे शिकाऊ माणसाचा बहुतेक वेळ दगड हलवण्यात, घमेली वाहण्यात आणि आराखडा काढण्यात जातो. सांगाडा स्वच्छ करायला मिळेल या आशेने गेलेला माणूस निराश होईल. पण थरांचे वाचन, काळ्या-तांबड्या खापरांची ओळख आणि गंजून फुगलेली लोखंडी अवजारे तुटू न देता उचलण्याचे कसब येथे जसे अंगवळणी पडते तसे युरोपातील लहान वर्गात पडणार नाही. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूरजवळच्याच माहूरझरी येथे झालेल्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. ज्या समाजाने आपल्या गावाभोवतीची माती तीन हजार वर्षांपूर्वी नांदती ठेवली त्याची ओळख त्या मातीवर बसूनच होते, असे मी मनापासून मानतो.

इनामगावचे उत्खनन १९८३ मध्येच संपले, त्यामुळे तेथे जाऊन खणता येणार नाही. तरीही दफनांवर काम करू इच्छिणाऱ्या मराठी माणसाने निघण्यापूर्वी त्याचा अभ्यास करावा, असा माझा आग्रह आहे. घोड नदीकाठच्या या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची अवजारे वापरणारे) लोक आपल्या मुलांना तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळतात. एका पाच खोल्यांच्या घरात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेली व्यक्ती मिळाली. दफनाची जागा, दिशा आणि सोबतची भांडी यांवरून समाजाबद्दल किती आणि कोठवर बोलता येते, याचा इतका चांगला धडा परदेशी वर्गात क्वचितच मिळेल. उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हाडांचा अभ्यास त्यानंतरही चालू राहिला.

खर्चाची तुलना थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्रातील उत्खननात राहणे-जेवणे तंबूत किंवा गावातील शाळेत होते आणि खिशाला फारशी झळ पोहोचत नाही. मेनोर्कासाठी वर्गाचे शुल्क, विमानप्रवास, शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा, असा सारा भार स्वतःवर येतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. धनुर्वाताची लस दोन्हीकडे घेतलेली असावी. कोणी ब्रिटनमधील विंडोलँडा सुचवील; तेथील स्वयंसेवेची व्यवस्था उत्तम आहे, पण ते मुख्यतः रोमन ठाणे व वस्ती आहे, दफनांसाठी जाणाऱ्याचे ते ठिकाण नव्हे.

माझे मत विचाराल तर, मानवी अस्थींचा अभ्यास पुढे करायचा आहे, वैद्यकीय किंवा जीवशास्त्राची पार्श्वभूमी आहे आणि खर्च झेपतो, अशा व्यक्तीने मेनोर्कासारखा वर्ग निवडावा. ज्याला महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात काही वर्षे रमायचे आहे, त्याने या उन्हाळ्यात परदेशी जाण्याऐवजी अभ्यासक्रमाला नाव घालावे, सुट्टीत एखाद्या संग्रहालयात किंवा विभागात खापरे धुण्याचे व त्यांवर क्रमांक घालण्याचे काम मागावे आणि हिवाळ्याची वाट पाहावी. नुसते कुतूहल असणाऱ्याने मात्र दफनभूमीऐवजी वस्तीचे स्थळ निवडलेले बरे. कारण समोर असते ते कोणाचे तरी मूल, कोणाचे तरी वडील असतात. जागतिक पुरातत्त्व परिषदेने १९८९ मध्ये दक्षिण डाकोटात संमत केलेल्या व्हर्मिलियन करारात मृतांच्या अवशेषांचा आदर आणि संबंधित समाजाच्या इच्छेचा मान राखण्याची अपेक्षा स्पष्ट केली आहे, आणि सांगाड्याशेजारी स्वतःची छायाचित्रे काढण्यासाठी जाणाऱ्याला तेथे जागा नसावी.

वाट कोणतीही धरली तरी पैसे भरण्यापूर्वी किंवा रजा टाकण्यापूर्वी उत्खननाच्या प्रमुखाला चार गोष्टी विचाराव्यात: परवाना कोणाच्या नावावर आहे, स्थळावर प्रशिक्षित अस्थितज्ज्ञ पूर्णवेळ असतो का, उत्खननानंतर अस्थी कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली राहतात, आणि मागील हंगामांचे अहवाल कोठे प्रसिद्ध झाले आहेत. शेवटच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर वर्ग कितीही आकर्षक वाटला तरी तेथे जाऊ नये.