अल रीड यांची ध्वनिमुद्रणे : आठ महिने ऐकल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरपासून मी अल रीड या उत्तर इंग्लंडमधल्या सॉलफर्डच्या रेडिओ विनोदकाराची जुनी ध्वनिमुद्रणे नेमाने ऐकतो आहे. कामानिमित्त मी एकल्सला राहतो, आणि रोज ट्रामने मँचेस्टरला जाताना मिळणारा अर्धा तास त्यांच्या एका कार्यक्रमाला जवळजवळ बरोबर पुरतो. कार्यालयातल्या निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याने हा संच सुचवताना बजावले होते की, पहिल्या महिन्यात मत बनवू नकोस. मी अर्थातच पहिल्याच आठवड्यात घरी जाहीर करून टाकले की, हा गृहस्थ स्वतःशीच भांडतो आहे आणि विनोद कुठे आहे ते कळत नाही.

रीड यांचा जन्म १९०९ चा. घराण्याचा व्यवसाय सॉसेज आणि मांसाचे पदार्थ तयार करण्याचा होता आणि तो ते स्वतः पाहत. जेवणानंतरच्या भाषणांतून लोकांना हसवणारा माणूस अशी त्यांची आधी स्थानिक ख्याती होती. अशाच एका प्रसंगी बीबीसीचे निर्माते बोकर अँड्र्यूज यांनी त्यांना ऐकले आणि १९५० मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ते रेडिओवर आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रंगमंचावर वाढलेल्या विनोदकारांपेक्षा हे वेगळे का ऐकू येतात, याचे कारण मला या उशिरा झालेल्या सुरुवातीत सापडते. चाळीस वर्षे त्यांनी गिऱ्हाइके, कामगार, शेजारी यांचे बोलणे ऐकले होते. विनोद सांगण्याची सवय त्यांना नंतर लागली.

पात्रे अनेक असली तरी बहुतेक आवाज त्यांचेच आहेत. याला आपण एकपात्री म्हणू, पण नकलाकाराची हातचलाखी येथे नाही, कारण आवाज ते फारसा बदलतच नाहीत; बदलतो तो बोलण्याचा वेग आणि समोरच्याला बोलू न देण्याची तऱ्हा. घर रंगवायला आलेल्या कारागिराचा त्यांचा प्रसंग मी निदान दहा वेळा ऐकला असेन. कारागीर सर्वज्ञ आहे आणि घरमालकाच्या तोंडून अर्धे वाक्यही पुरते बाहेर पडत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र त्या मालकाचा चेहरा, त्याची अवघडलेली मान, सगळे उभे राहते. शेवटी टाळी घेणारे वाक्य येईल म्हणून मी वाट पाहत होतो, तेच चुकत होते. गंमत वाक्यावाक्यांच्या मधल्या जागांत होती.

हे मला साधारण तिसऱ्या महिन्यात उमगले, तेही ट्राममध्ये. समोरच्या बाकावर एक लहान मुलगा वडिलांना एकामागून एक प्रश्न विचारत होता, आणि वडील प्रत्येक वेळी आधीपेक्षा किंचित हळू आवाजात ‘गप्प बस’ म्हणत होते. कानात त्याच क्षणी रीड यांच्या कार्यक्रमातले तसेच पोर बापाचा चारचौघांत जीव खात होते. मी एका बाजूचा इयरफोन काढला आणि नक्की कोण कोणाची नक्कल करत आहे, हे काही क्षण सांगता येईना.

तक्रारीही आहेत. काही मुद्रणांत खरखर इतकी आहे की गाडी वळणावर आवाज करू लागली की दोन-तीन वाक्ये हातची जातात. लँकेशरच्या, म्हणजे रीड यांच्या भागातल्या, बोलीचा सराव नसेल तर सुरुवातीला निम्मे निसटते. छापील संहिता सोबत असती तर माझे दोन महिने वाचले असते. सतत टोमणे मारणारी बायको आणि मुकाट्याने ऐकणारा नवरा ही जोडी इतक्यांदा येते की सलग दोन भाग ऐकू नयेत असे मी आता ठरवले आहे. त्या काळी ते चालून गेले असेल, मला ते कंटाळवाणे वाटते.

त्यांनी नाट्यगृहेही गाजवली. लंडनच्या अॅडेल्फीमधला ‘सच इज लाइफ’ हा त्यांचा १९५५ चा कार्यक्रम आज अनेकांना त्यात गाणाऱ्या तरुण शर्ली बॅसीमुळे ठाऊक असतो. दूरचित्रवाणीवरही ते दिसले, पण माझ्या मते त्यांचे खरे घर रेडिओच. तो घरमालक पडद्यावर दिसू लागला तर आपण मनात उभा केलेला चेहरा गेलाच म्हणायचा. १९८७ मध्ये ते वारले.

नव्याने ऐकणाऱ्याने रंगाऱ्यापासून सुरुवात करावी, इयरफोन लावूनच ऐकावे आणि एका दिवशी एकच भाग घ्यावा. ‘राइट, मंकी!’ हे त्यांचे पालुपद म्हणजे ‘थांब लेका, बघतोच तुला’ अशा अर्थाची उत्तर इंग्लंडकडची धमकी आहे. मागच्या आठवड्यात मी ते मोठ्या आत्मविश्वासाने त्या सहकाऱ्याला ऐकवले. त्याने चहाचा कप खाली ठेवला, दोनदा पुन्हा म्हणायला लावले आणि सांगितले की, शब्द बरोबर आहेत, पण तू अजून फार सभ्यपणे धमकावतोस.