प्लूटोवरून आठ महिने बोलल्यानंतर

ॲडाल्म-प्लूटो हा संगणकाला जोडून चालवायचा छोटा रेडिओ हॅम रेडिओसाठी घेतला तेव्हा वाटलं होतं, खरी मेहनत अँटेनाला लागेल. अँटेना दोन रविवारांत गच्चीवर उभा राहिला. महिने खाल्ले ते सिग्नलच्या पातळीने.

पहिल्याच आठवड्यात 434 मेगाहर्ट्झवर अमळनेरचा मित्र म्हणाला, "भाऊ, तुना आवाज फाटी राह्यना." मी इकडे धरणगावात पॉवर कमी केली, पण चुकीच्या जागी. जीएनयू रेडिओ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलना, म्हणजे सिग्नलच्या आकड्यांना, 0.1 ने गुणलं. फाटणं थांबलं, पण स्पेक्ट्रमवर मधोमध गळून येणाऱ्या कॅरिअरची, म्हणजे मूळ लहरीची, काडी ठळक दिसू लागली. ती गळती जिथल्या तिथेच होती, माझा सिग्नलच 20 डेसिबल खाली गेला होता. शिवाय आकड्यांचा सिग्नल करणारा डॅक 12 बिटांचा. आकडा निम्मा केला की 6 डेसिबलसोबत एक बिटही जातो. आता आकडे वरच ठेवतो आणि पॉवर डॅकच्या पुढे, ॲटेन्युएशनने (सिग्नल दाबून) उतरवतो. प्लूटोत ते 0 ते 89.75 डेसिबल, पाव-पाव डेसिबलने बदलता येतं. ही सोय मला फार आवडली.

मग वर म्हणजे किती? 1.0 या कमाल आकड्यापर्यंत नाही. आतले इंटरपोलेशन फिल्टर दोन सॅम्पलमधली जागा भरताना उसळी घेतात, म्हणून मी 0.7 वर थांबतो.

एसएसबीत, म्हणजे कॅरिअरच्या एकाच बाजूचा पट्टा पाठवण्याच्या पद्धतीत, याहून मोठी गोम आहे. मी माइकचा आवाज आधी क्लिप करायचो (त्याची टोकं छाटायचो) आणि निश्चिंत व्हायचो. पण क्लिप केलेला आवाज एसएसबीसाठी लागणाऱ्या हिल्बर्ट फिल्टरमधून गेला की एन्व्हलपला, म्हणजे सिग्नलच्या उंचीच्या रेषेला, नवे सुळके फुटतात. प्रत्येक सॅम्पलचे आय आणि क्यू असे दोन आकडे असतात, ते वेगवेगळे छाटून भागत नाही: दोन्ही 1 असतील तर मॅग्निट्यूड, म्हणजे दोघांची मिळून उंची, 1.414 होतं, म्हणजे 3 डेसिबल जास्त, आणि एकच छाटला तर फेजही सरकते. आता मॅग्निट्यूड मोजतो, दोघांना एकाच आकड्याने भागतो. सॅम्पल 3 मिलिसेकंद मागे ठेवल्याने सुळका येण्याआधीच गेन उतरलेला असतो. मित्राने त्यानंतर तक्रार केली नाही.

तपासणीसाठी 700 आणि 1900 हर्ट्झचे दोन टोन, अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा डमी लोड आणि पलीकडे सिग्नल ऐकायला आरटीएल डोंगल (यूएसबीचा छोटा रिसीव्हर). डोंगलवर बाजूला काड्या दिसल्या की लगेच ट्रान्समीटरला दोष देऊ नका. डोंगलच्या तोंडाशी सिग्नल दाबणारा 10 डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. काड्या 10 ने उतरल्या तर त्या खरोखर बाहेर जात आहेत. 30 च्या आसपास उतरल्या तर डोंगलच गुदमरतोय. यात माझे दोन आठवडे गेले.

आणि लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावल्याशिवाय पुढचा ॲम्प्लिफायर जोडू नका. 434 चा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल, 1302 मेगाहर्ट्झवर चांगलाच जोरात येतो. परवान्याच्या अटी आहेतच, पण शेजारच्या बँडवाल्याला त्रास देणं मला तसंही पटत नाही.