स्टँडामागची बिनपाटीची खानावळ : चार स्टार, एक नळापायी कापला

पहिलेच सांगून देते, नाव-पत्ता विचारू नका. एक तर खानावळीला नावच नाही, पाटी नाही, बाहेर निळी ताडपत्री आन एक निंबाचं झाड एवढीच खूण. दुसरं म्हणजे मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात सोशल वर्कर आहे, लेकरांना घेऊन मी तिथं जेवायला जाते, उद्या कोणी हे वाचून तिथं जाऊन बसलं आन माझ्यासोबतचं पोट्टं पाहून "हे कोणाचं असंन" म्हणून अंदाज बांधू लागलं तर ते मला चालणार नाही. जेजे कायद्यात (बाल न्याय कायदा) कलम ७४ त्याच्यासाठीच आहे, मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. म्हणून खाली जे लेकरांचं लिहिलं त्यात पण मी थोडं इकडचं तिकडं केलेलं आहे. जेवणाचं मात्र सगळं जसंच्या तसं.

तर गाव कापूस-तुरीचं, एक फाटा यवतमाळकडं, एक अकोल्याकडं. एसटी स्टँडाच्या मागच्या बाजूनं निघालं की मोबाईल रिपेरिंगवाला, मग कृषी केंद्र, मग ही खानावळ. सहा टेबलं, त्यातलं एक डुगडुगते, त्याच्या पायाखाली पुठ्ठा. मावशी चुलीवर, काका वाढायला. थाळी ८० रुपये. तीन पोळ्या नाहीतर दोन ज्वारीच्या भाकरी, एक सुकी, एक रस्सा, वरण-भात, कांदा, ठेचा आन जवसाची चटणी. जवसाच्या चटणीसाठी मी दुसऱ्या तालुक्यातून वाट वाकडी करून आलेली आहे, ते मी कबूल करते. हिवाळ्यात वांगं चुलीत भाजून भरीत असते, वरून हिरवा सांबार (पुण्याच्या लोकांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवालं नाही) आन कच्चं तेल. शनिवारी पातोडीचा रस्सा. तो रस्सा तिखट म्हणजे कान गरम करणारा, तर्रीचा थर बोटभर, लेकराला द्यायचा विचारच करू नका. पण मावशीला सांगावं लागत नाही, लहान पोट्टं दिसलं की ती फिकं वरण वेगळ्या वाटीत काढते, त्यात पोळी कुस्करते, वरून तूप, आन ताट ठेवून निघून जाते. निघून जाते हे महत्त्वाचं, त्याचं मी पुढं सांगते.

माझ्या कामात जेवणाचा टाईम नसतो. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागते, प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, पण आमच्याकडं प्रवास हाच खरा टाईमखाऊ. समिती जिल्ह्याला बसते, अध्यक्ष आन चार मेंबर, आन मूल सापडते कुठं तर एखाद्या वीटभट्टीवर नाहीतर फाट्यावर. तिथून तालुका, पोलीस स्टेशन, डायरी, मेडिकल, मग लालपरी नाहीतर मिळाली तर गाडी, आन ह्या सगळ्यात लेकरानं सकाळपासून काय खाल्लं हे फॉर्ममध्ये विचारायची जागाच नाही. बरं नियम असा की मुलासोबतचा पोलीस साध्या कपड्यात पाहिजे. आता साध्या कपड्यातला माणूस, एक बाई आन एक रडकं पोट्टं हॉटेलात शिरलं की लोकं असे पाहतात जसं आम्हीच पळवून आणलं. दोन चांगल्या टाईल्सवाल्या हॉटेलात मला तसा अनुभव आला, एका ठिकाणी तर वेटरनं शेजारच्या टेबलवाल्याला डोळा मारून सांगितलं, "केस हाये." मी ते हॉटेल सोडलं. नाव घेत नाही.

मावशी विचारत नाही. इतक्या दिवसात तिनं एकदा पण "काय झालं ह्याले" विचारलं नाही. एक प्रश्न विचारते, "पोळी का भाकर?" बस. आन तो प्रश्न मला नाही, लेकराला. तुम्हाला ह्यात काही विशेष वाटणार नाही, पण सकाळपासून त्या पोराला पन्नास प्रश्न झालेले असतात आन त्यातल्या एकाचं पण उत्तर त्याच्या मर्जीचं नसते. एकदा एसटीच्या मागच्या सीटवर झोपलेलं सहा वर्षांचं पोट्टं सापडलं, तांड्यावरचं, गोरबोलीशिवाय (बंजारा भाषा) काही समजत नव्हतं, माझी तर पंचाईत. मावशीला त्या भाषेतला एकच शब्द येते, तिनं भाकर दाखवून विचारलं, "बाटी?" रडणं थांबलं. पूर्ण नाही थांबलं, पण खायपुरतं थांबलं.

आता माझी हॉटेल पाहायची पद्धत सांगते. लोकं मेनू पाहतात, एसी पाहतात, मी टेबल कोण पुसते ते पाहते. पाणी कोण आणते, मोरीवर कोण बसलं आहे. चौदाच्या आतलं पोर कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही, बालमजुरीचा कायदा १९८६ चा आहे पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर धोक्याचं काम-बिनधोक्याचं काम हा फरकच चौदाच्या खाली उरला नाही. तरी ढाब्यावर जा, "छोटू" हाक ऐकू येतेच, आन चांगले शिकलेले लोकं "छोटू, दोन कटिंग" म्हणतात. मी बायकोपोरांसोबत आलेल्या मास्तरांना असं म्हणताना ऐकलं आहे, काय बोलावं.

मावशीची धाकटी सहावीत आहे, शाळेतून आली की कोपऱ्यातल्या टेबलावर दप्तर टाकते आन कधीकधी जग भरून ठेवते. मी एकदा गमतीनं म्हटलं, "मावशी, हिचं काय?" तर मावशी अशी भडकली, "काहून मॅडम, घरच्या पोरीनं पाणी बी भरू नाही का?" मग मला सांगावं लागलं की बाई, आईबापाच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हात लावला तर कायद्याला चालते, शाळा बुडाली नाही पाहिजे. तेव्हापासून पोरगी गणिताची वही मला दाखवायला लागली. अपूर्णांकात कच्ची आहे.

ह्या टेबल पुसण्यावरूनच एक सांगते. मागच्या हिवाळ्यात एका ढाब्यावरून एक पोरगा काढला, सरकारी कामगार अधिकारी, पोलीस, मी, असे सगळे. वय विचारलं तर म्हणे अठरा. चेहरा पाहिला तर मिशीचा पत्ता नाही. "कोणी सांगितलं अठरा?" तर म्हणे, "मालकानं सांगतलं, कोणी इचारलं तं अठरा सांगजो." वय ठरवायचं म्हणजे आधी शाळेचा दाखला, तो नसला तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तेही नसलं तरच हाडांची तपासणी. शाळेत फोन लावला, हेडमास्तरांनी रजिस्टर पाहतो म्हटलं, तोवर दुपारचे तीन झालेले, आम्ही इथं आलो. पोरगा जेवला, खाली मान घालून भराभर, ज्याला जेवायला पाच मिनिटंच मिळतात तसा. आन उठला. मला वाटलं हात धुवायला उठला. त्यानं आपलं ताट उचललं, त्यावर माझं ठेवलं, माझं जेवण व्हायचं होतं तरी, त्यावर पोलीसदादाचं, डाव्या हातावर तिन्ही ताटं चढवली, उजव्या हातानं काकांच्या खांद्यावरचा फडका ओढला आन टेबल पुसलं. कोपऱ्यातून सुरू करून, खरकटं काठाशी आणून ओंजळीत घेऊन. इतकं सफाईनं की काका पाहतच राहिले. आन मग शेजारच्या टेबलाकडं वळला.

मावशी चुलीवरून उठली. हातातला फडका घेतला, रागानं नाही, म्हणे, "ठेव बावा. तू गिऱ्हाईक होय." त्याला ते समजलंच नाही. तो उभाच, हात मोकळे राहिले तर काय करायचं हे माहीत नसल्यासारखा. मग तिनं दोन्ही हातात मावंन एवढा ताकाचा पेला दिला, बसवलं, आन गेली. तो पेला त्यानं वीस मिनिटं धरला, ताक संपून गेलं तरी. रजिस्टरमध्ये तेरा निघालं.

आता तक्रार. नळ. हात धुवायला मागं एकच नळ आहे आन त्याची धार करंगळीएवढी पण नाही, टाकी खालीच ठेवली आहे तर पाणी येईल कुठून. बाकी गिऱ्हाईकं बोटं ओली करून पँटीला पुसतात, चालून जाते. पण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसात एक पोरगी आणली होती, हळदीच्या मांडवातून. लग्नाला दोन तास होते. मुलीचं वय अठराच्या आत म्हणजे २००६ च्या कायद्यानं बालविवाह, गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो पण त्या बिचाऱ्याला त्याच गावात राहायचं असते, म्हणून निनावी फोन १०९८ वर, म्हणजे लेकरांच्या हेल्पलाईनवर येते आन आम्ही जातो. पोरगी रस्ताभर बोलली नाही. माझ्यावर रागच होता तिचा, आन मी ते समजू शकते, आम्ही थांबवलं म्हणून गावात तोंड तिला दाखवायचं आहे, मला नाही. ताट आलं, ती उठली आन नळावर गेली. हातापायाला, मानेला, कानामागं हळद. दहा मिनिटं त्या कण्हणाऱ्या नळाखाली ती कोपरापर्यंत हात घासत होती, पाणी पिवळं पिवळं मोरीत उतरत होतं, आन धार काही वाढत नव्हती. मी बादली मागितली तर बादलीत चवळी भिजत घातलेली. शेवटी मावशीनं खोबरेल तेलाची बाटली आणली, म्हणे, "पाण्यानं नाही निघत माय ते, तेल लाव." तेल लावून पदरानं पुसलं. पोरगी जेवली मग, अर्धी भाकर. पिवळेपणा नखात राहिला होता, समितीपुढं बसली तेव्हा ती हात ओढणीत घेऊन बसली. पुढं आईबापांनी अठरापर्यंत लग्न करणार नाही म्हणून हमीपत्र लिहून दिलं. तर तो एक स्टार मी त्या नळापायी कापला आहे आन मावशीला तोंडावर सांगून कापला आहे. काका म्हणतात, "टाकी वर चढवतो दिवाळीले." कोणत्या दिवाळीला ते सांगत नाहीत.

दुसरी गैरसोय बाथरूमची. इथं नाही. स्टँडावरच्यात मुलीला एकटी पाठवता येत नाही. मावशीचं घर मागंच आहे, ती कुलूप काढून देते, पण ते आमच्यापुरतं, सगळ्यांना नाही देणार.

पैशाचं. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देते आन ते पान टीएला (प्रवासभत्त्याला) लावलं तर परत येते, म्हणून खर्च माझ्याच खिशातून. मिशन वात्सल्यमध्ये (केंद्राची बाल संरक्षणाची योजना) सोशल वर्करचं मानधन १८,५३६ रुपये आहे, कंत्राटी, आन ते पण हातात केव्हा येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून मावशीकडं उधारी चालते. एकदा हिशोब करायला वही उघडली तर माझ्या नावाखाली असं लिहिलेलं : मॅडम १, लेकरू १. मॅडम १, लेकरू २. मॅडम १, लेकरू १, ताक. नाव एकाचं पण नाही. कलम ७४ तिला मी कधी सांगितलं नव्हतं. लेकराची थाळी अर्ध्या पैशात लावते, मी पूर्ण घ्या म्हटलं तर ऐकल्यासारखं करते आन वहीत पुन्हा अर्धेच.

सोमवारी जाल तर खानावळीत बाया जास्त दिसतील, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या. नवरा गेलेल्या, बऱ्याच जणींचं शेत कर्जात, बालसंगोपन ह्या सरकारी मदतीच्या योजनेचा फॉर्म द्यायला खेड्यातून आलेल्या. महिन्याला २,२५० रुपये एका लेकरामागं, स्पॉन्सरशिप योजनेत बसलं तर ४,०००. आन एक कागद कमी पडला म्हणून परत जाणाऱ्या बाया पाहून पाहून मावशीला यादी पाठ झाली, पोळी लाटता लाटता विचारते, "मृत्यूचा दाखला घेतला? बोनाफाईड? रेशनकार्डाची झेराक्स? घरासमोरचा लेकरासंग फोटो काढला का?" खरं सांगते, फोटोचं मी पण विसरते कधीकधी. हात धुवायच्या जागी मी १०९८ चं स्टिकर लावलं होतं, तेलानं पिवळं पडलं आता. मावशी त्याला "दस नौ आठ" म्हणते. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती हेल्पलाईन, कुठल्या कुठं येऊन चिकटली. एका एसटी कंडक्टरनं हात धुता धुता ते वाचून फोन केलेला मला माहीत आहे. नळ बारीक असल्याचा एवढा एकच फायदा, वाचायला वेळ मिळते.

बाकी : साडेबाराच्या आत जा, दीडनंतर भाकरी संपतात आन मग पोळीच. बाजाराच्या दिवशी जागा मिळत नाही. डुगडुगत्या टेबलावर रस्सा घेऊ नका. कापूस वेचणीच्या दिवसात मावशी स्वतः आठ दिवस शेतात असते, तेव्हा काका स्वयंपाक करतात, त्या आठ दिवसात जायची गरज नाही. फोनपे चालते पण रेंज आत येत नाही, बाहेर निंबाखाली जाऊन पाठवा आन मावशीला खिडकीतून स्क्रीन दाखवा, ती चष्मा न लावता "आले, आले" म्हणते.