त्यांचा फोन माझ्या हातात होता

कॅमेऱ्याची बॅग गेली त्याला आठ महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. 'बॅगेकडे लक्ष ठेवा रे' असं इतरांना सांगत फिरणारी मी, आणि मीच दोनदा फसले. एकदा बॅग जाताना आणि एकदा ती परत मिळवताना. दुसरी गोष्ट सांगायला जास्त अवघड आहे.

पहाट, नदीकाठ. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून टाइमलॅप्स सुरू केला होता, दर पाच सेकंदांनी एक फ्रेम. बॅग माझ्या मागे दीड-दोन हातांवर. खाली ओल होती म्हणून एका सपाट दगडावर ठेवलेली, म्हणजे उचलणाऱ्याला वाकायचाही त्रास नको! आत दूरचं जवळ आणणारी ७०-२००ची लेन्स, एक ५०ची, दुसरी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), फ्लॅश आणि आधीच्या चार दिवसांच्या फोटोंची मेमरी कार्डं ठेवलेलं छोटं पाकीट. चेन उघडीच होती. सारखी लेन्स बदलायची असते, दर वेळी चेन कोण लावत बसतं?

एक जोडपं आलं. पस्तिशीतलं, नीटनेटकं. "ताई, आमचा एक फोटो काढाल का? तुम्ही चांगला काढाल म्हणून विचारतोय." मी लगेच खुलले. त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

सगळी मेख इथे आहे. कुणी अनोळखी माणूस माझ्या बॅगेच्या आसपास घुटमळला असता तर मी नक्की सावध झाले असते. इथे त्यांचीच वस्तू माझ्याकडे होती. विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला होता, फोन घेऊन पळाले तर नुकसान त्यांचं. असं गणित मनात आपोआप मांडलं जातं आणि सावध राहायचं काम आपल्याकडे उरतच नाही. त्यात फोनने फोटो काढायचा म्हणजे दोन्ही हात अडकलेले आणि डोळे स्क्रीनवर. "जरा या बाजूने घ्या ना, मागे पाणी येऊ दे," बाई म्हणाल्या. मी दोन पावलं सरकले आणि माझी पाठ बॅगेकडे झाली. एक उभा, एक आडवा, मग "अय्या, माझे डोळे मिटले, अजून एक!" फोन परत दिला, आभार मानून झाले, ते निघून गेले. मी वळले तर नुसता दगड.

पहिली दोन मिनिटं मी ट्रायपॉडखाली आणि दगडामागे बघत होते. बॅग काय घरंगळत जाणार होती? पण बुद्धी तिथेच अडते, आणि ती दोन मिनिटं चोराच्या पथ्यावर पडतात.

नंतर ऐकलेल्या तऱ्हा निराळ्या, पण घडण हीच. कुणी तुमच्या पाठीवर काहीतरी सांडतं आणि स्वतःच पुसायला धावतं. कुणी "तुमचे पैसे पडले बघा" म्हणतं. कुणी टेबलावर नकाशा पसरून पत्ता विचारतं आणि नकाशाखालून लेन्स जाते. एक जण बोलतो, दुसरा उचलतो. बोलणारा कधीच पळत नाही, म्हणून त्याच्यावर संशयही येत नाही.

बॅगेत एअरटॅग होता, वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती. मला वाटलं, आता सापडलीच. अर्ध्या तासात त्याने जागा दाखवली, आम्ही गेलो, तर टॅग कचराकुंडीत. दोष माझाच. तो बाहेरच्या कप्प्यात किल्ल्यांच्या कडीला लटकवला होता. शिवाय २०२१ साली ही वस्तू बाजारात आली तेव्हापासूनच तिच्यात एक सोय आहे: कुणाच्या नकळत पाळत ठेवता येऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर तो फोनवर इशारा देतो, आणि मालकापासून बराच वेळ दूर राहिला की स्वतःच वाजतोही. बायकांच्या सुरक्षेसाठी ती हवीच, पण तिचा फायदा चोरालाही मिळतो. आता माझा टॅग बॅगेच्या अस्तराआड शिवलेला आहे. आणि तो दाखवेल तिथे एकटीने जायचं नाही, हे घरच्यांनी दम देऊन ऐकवलंय.

विम्याचं थोडक्यात सांगते. क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न आला, "बॅग तुमच्यापासून किती अंतरावर होती?" मी खरं उत्तर दिलं. माझ्या पॉलिसीत 'लक्ष नसताना ठेवलेली वस्तू' वगळलेली होती. दीड हात म्हणजे लक्ष असणं की नसणं, यावर तीन पत्रं झाली आणि मी हरले. आपली पॉलिसी काढून ते कलम आजच वाचा. फोटोचे पैसे घेत असाल तर धंद्यासाठी वापरलेली उपकरणं त्यात बसतात का, तेही बघा.

आता दुसरी फसवणूक.

तक्रार देताना सीरियल नंबर मागितले. बॉडीचा सहसा तळाशी असतो, लेन्सचा बहुधा माउंटजवळ, म्हणजे ती कॅमेऱ्याला बसते तिथे. पण दोन्ही गेलेल्या बॅगेत! खोके मी केव्हाच फेकले होते. इथे जुन्या फोटोंनी हात दिला. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते, आणि २०१० सालच्या एक्झिफ २.३ पासून तिच्यात बॉडी आणि लेन्स दोघांच्या नंबरांसाठी ठरलेली जागा आहे. सगळे कॅमेरे ती भरतातच असं नाही. माझ्याकडे बॉडीचा आणि ७०-२००चा सापडला, ५०चा नाही. फाइल कॅमेऱ्यातून थेट उतरवलेली हवी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत हे सहसा उरत नाही.

नंबर मिळाल्यावर मी हुशारी केली. बॅगेचा फोटो, सामानाची यादी, दोन्ही सीरियल नंबर, माझा मोबाइल, सगळं एका पोस्टमध्ये टाकून दहा ग्रुपवर पाठवलं. तिसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, तुमची लेन्स माझ्याकडे विकायला आलीये. मी ओळखली आणि ठेवून घेतली." आवाज शांत, वयस्कर. मी म्हटलं, नंबर वाचा. त्याने एकेक आकडा सावकाश वाचला, जणू चष्मा सारखा करून लेन्सवर बघतोय. शेवटी आठ-तीन. बरोबर! माझ्या डोळ्यांत पाणी. विकणाऱ्याला त्याने पदरचे पैसे दिले होते, तेवढे आधी पाठवले की लेन्स कुरिअर करणार होता. रास्तच वाटलं. पाठवले. संध्याकाळी पुन्हा फोन, कुरिअरवाला विम्याचे वेगळे मागतोय. तेही पाठवले. मग नंबर बंद.

रात्री तक्रारीची प्रत काढली आणि पोस्टच्या शेजारी ठेवली. तक्रारीत नंबर फाइलमधून जसाच्या तसा होता, शेवट तीन-आठ. पोस्टमध्ये मी घाईत उलटा टाइप केला होता, आठ-तीन. म्हणजे त्या गृहस्थांनी लेन्स कधी पाहिलीच नव्हती. माझीच पोस्ट, माझ्याच चुकीसकट, मला वाचून दाखवली आणि मी मान डोलावली.

म्हणून पूर्ण नंबर पोलिसांना आणि विमा कंपनीला द्या, जाहीर कधीच करू नका. शेवटचे तीन आकडे झाका. एखादी खूण, समजा लेन्सच्या तोंडावरच्या हुडवरचा ओरखडा किंवा पट्ट्यातली गाठ, कुणालाच सांगू नका. वस्तू खरंच समोर असेल तर समोरचा ती सांगेल. वस्तू हातात येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत. कॅमेऱ्याला मोबाइलसारखा आयएमईआय, म्हणजे नेटवर्कला ओळखू येणारा क्रमांक, नसतो, दुरून तो बंदही पाडता येत नाही. त्यामुळे चोरीचा माल बिनबोभाट चालतो आणि आपण कुठल्याही आशेला लटकतो.

आता मी काम करताना बॅगेचा एक पट्टा पायात अडकवून उभी राहते. बसले तर तो खुर्चीच्या पायाखालून घेते. दिसायला वेंधळं दिसतं. महागडं कुलूप घेऊन पाहिलं होतं, पण अख्खी बॅगच उचलणाऱ्याला कुलपाचं काय? कॅमेऱ्यासोबत आलेला, कंपनीचं नाव ठसठशीत मिरवणारा पट्टा काढून टाकला. भरलेली कार्डं बॅगेत नसतात, जॅकेटच्या आतल्या खिशात असतात. लेन्स पुन्हा घेता येतील, त्या चार दिवसांतलं एकही चित्र मला परत काढता येणार नाही. फोटो काढून द्यायचं मात्र बंद केलेलं नाही. आधी बॅग पाठीवर चढवते, छातीवरचं बकल लावते, मग फोन हातात घेते. लोक जरा विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

ट्रायपॉडवरचा कॅमेरा तेवढा राहिला. या सगळ्यात तो आपला दर पाच सेकंदांनी फोटो काढतच होता. घरी येऊन फ्रेम एकेक करून पाहिल्या. एका फ्रेमच्या कडेला त्या गृहस्थांची बाही दिसायला लागते. तिथून आठव्या फ्रेममध्ये टोपी घातलेला एक माणूस काठाने निघालाय, खांद्यावर माझी बॅग. म्हणजे चाळीस सेकंद. पुढच्या फ्रेममध्ये तो आणखी लहान, त्यापुढच्या फ्रेममध्ये नाहीच. तिन्ही फ्रेम पोलिसांना दिल्या. फोकस अचूक, प्रकाश सुरेख, बॅगेवरचा डागसुद्धा ओळखू येतो. माणूस मात्र सगळीकडे पाठमोरा.