संगीत पदवीसाठी पाहिलेला एक विभाग: गुरू उत्तम, पियानो आजारी

लेक चेलो (व्हायोलिनसारखं, पण मोठं, गजाने वाजवायचं वाद्य) वाजवते, म्हणून पदवीसाठी एका विद्यापीठाचा संगीत विभाग पाहून आलो. सभागृह देखणं आहे, पण मी आधी सरावाच्या खोल्या दाखवा म्हटलं. एका पियानोचा मधला 'ए' हा सूर ट्यूनरवर (सूर मोजायच्या यंत्रावर) ४४० हर्ट्झऐवजी ४३२ दाखवत होता, म्हणजे चांगलाच उतरलेला; दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. रोज चार तास इथे बसणाऱ्या मुलांच्या कानांचं काय होत असेल! वाईट वाटलं.

चेलोच्या बाई मात्र लाख मोलाच्या. त्यांनी लेकीचा गज धरलेला अंगठा नुसता सैल करायला लावला आणि तोच सूर भरून आला. एकट्याने शिकायचा तास आठवड्याला एकच, तोही कोण घेणार ते प्रवेशानंतर ठरतं. बाईंकडेच शिकायला मिळेल असं लेखी मिळालं, तरच अर्ज भरू.