परीक्षण : सोळा दिवसांचा शोक, अडीच तासांत

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक सशुल्क कार्यक्रम होतो. एखाद्या विषयावरील माहितीपटांतील निवडक भाग, त्या काळातील वर्तमानपत्रांची कात्रणे आणि शेवटी श्रोत्यांशी चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. १४ सप्टेंबर २०२५ च्या कार्यक्रमाचा विषय होता ऑस्ट्रेलियाचा मगरवेडा दूरचित्रवाणी निवेदक स्टीव्ह आयर्विन याचे आकस्मिक निधन आणि त्यावर उमटलेल्या लोकांच्या प्रतिक्रिया. प्रवेशशुल्क २५० रुपये असून त्यात एक कप चहा आणि दोन बटाटेवडे मिळतात. पितृपक्षात हा विषय मुद्दाम निवडला असेल असे वाटत नाही. पण शेजारच्या खुर्चीवरील काका तिकीट खिशात घालताना ‘वेळ बरी साधली आहे’ असे पुटपुटले, तेव्हा आम्ही दोघेही हसलो.

कार्यक्रमाची सुरुवात तारखांच्या योगायोगाने झाली आणि ती मला आवडली. आयर्विन गेला तो ४ सप्टेंबर २००६ चा सोमवार, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधीचा. त्या वर्षी विसर्जन ६ सप्टेंबरला होते आणि २०२५ मध्येही ते ६ सप्टेंबरलाच आले, कारण एकोणीस वर्षांनी आपल्या तिथी आणि इंग्रजी तारखा बहुधा पुन्हा जुळतात. सूत्रसंचालकांनी एवढे सांगताच सभागृहातील निम्म्या लोकांना आपण त्या दिवशी कोठे होतो ते आठवू लागले असावे. मला तरी आठवले. आमच्या चाळीच्या मंडपात आरतीची ताटे मांडली जात होती आणि तळमजल्यावरच्या घरातील दोन मुले, जी एरवी हिंदीत भाषांतरित झालेले मगरींचे कार्यक्रम पाहून एकमेकांच्या अंगावर झेप घेत असत, ती कठड्याला टेकून गप्प उभी होती. कोणी तरी ‘तो मगरवाला गेला’ असे म्हणाले. त्याचे नाव कोणालाही घ्यावे लागले नाही.

मृत्यूची हकीकत सूत्रसंचालकांनी पाच मिनिटांत आणि संयमाने सांगितली, हे कार्यक्रमाचे पहिले बलस्थान. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातील पोर्ट डग्लसजवळच्या बॅट रीफ या प्रवाळखडकांच्या भागात ‘ओशन्स डेडलिएस्ट’ या माहितीपटाचे चित्रीकरण सुरू होते. हवा बिघडल्यामुळे मुख्य काम थांबले, म्हणून मुलगी बिंडी हिच्या मालिकेसाठी काही दृश्ये टिपावीत या विचाराने आयर्विन कॅमेरामन जस्टिन लायन्स याच्यासह उथळ पाण्यात उतरला. तेथे एका मोठ्या पाकट माशाने (इंग्रजीत स्टिंग रे) शेपटीचे वार केले आणि काटा थेट छातीत घुसला. आयर्विनचे वय अवघे ४४ होते. ज्या माणसाने आयुष्यभर खाऱ्या पाण्यातील मगरी आणि विषारी साप हाताळले, त्याचा मृत्यू सहसा माणसापासून दूर पळणाऱ्या माशामुळे व्हावा, ही गोष्ट त्या वेळी बातमी वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाला चक्रावून गेली. पडद्यावर या वेळी फक्त नकाशा होता. मागच्या रांगेतील एका तरुणाने ‘मूळ चित्रफीत आहे का?’ असे विचारलेच. ती पोलिसांच्या चौकशीपुरती वापरली गेली, कुटुंबाने ती कधीही प्रसारित होऊ दिली नाही आणि इंटरनेटवर जे फिरले ते बनावट होते, एवढेच उत्तर देऊन सूत्रसंचालक पुढे गेले. त्या प्रश्नावर आणखी पाच मिनिटे थांबायला हवे होते असे मला वाटते, कारण मृत्यूचे दृश्य पाहण्याची हाव हीसुद्धा त्या दिवसांतील एक मोठी लोकप्रतिक्रियाच होती.

यानंतरचा पाऊण तास संपूर्ण कार्यक्रमात सर्वांत समृद्ध आहे. बिअरवा येथील ‘ऑस्ट्रेलिया झू’ हे प्राणिसंग्रहालय आयर्विनच्या आईवडिलांनी १९७० मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचे लहानसे उद्यान म्हणून सुरू केले होते. त्याच्या दारापुढे लोकांनी फुलांचे ढीग रचले आणि त्यांच्या सोबत खाकी सदरे टांगून त्यांवर शाईने निरोप लिहिले. आपल्याकडे नेत्याच्या निधनानंतर चौकात फलक लागतो आणि त्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचीच छायाचित्रे मोठी असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या सदऱ्यांचे मोल कळेल. तिथे माणसे आपली छबी नव्हे, तर त्याचा गणवेश घेऊन आली होती. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी शोक व्यक्त केला, संसदेत श्रद्धांजली वाहिली गेली, शासकीय इतमामाने अंत्यविधी करण्याची तयारीही दाखवली गेली. पण वडील बॉब आयर्विन यांनी आपला मुलगा साधा माणूस होता असे सांगून ती नाकारली. मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाल्यावर २० सप्टेंबर रोजी प्राणिसंग्रहालयातील क्रॉकोसिअम या सुमारे साडेपाच हजार आसनांच्या प्रेक्षागृहात सार्वजनिक स्मृतिसभा झाली आणि ती दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली गेली.

त्या सभेतील बराच मोठा भाग येथे न कापता दाखवला, याबद्दल आयोजकांचे आभार मानायला हवेत. आठ वर्षांची बिंडी कागदावरून वाचते आहे, आवाज ठाम आहे, आणि समोरचे मोठे लोक रडत आहेत, हे दृश्य तुकड्यांत पाहून कळत नाही. शेवटी आयर्विनची गाडी सामान लादून मैदानाबाहेर नेली जाते आणि कर्मचारी पिवळ्या फुलांनी त्याचा आवडता उद्गार जमिनीवर लिहितात. तो उद्गार म्हणजे ‘क्रायकी’. मराठी उपशीर्षकांत त्याचे भाषांतर ‘हे परमेश्वरा’ असे केले आहे, आणि हा दोष लहान म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मगरीच्या जबड्यापासून वीतभर अंतरावर असलेला माणूस आनंदाने जे ओरडतो ते आपल्या भाषेत ‘आयला’ होईल, फार तर ‘अबब’ होईल. ‘हे परमेश्वरा’ म्हणणारा माणूस मगरीजवळ जातच नाही.

टीकेचा भाग मात्र घाईत उरकला. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी जर्मेन ग्रीअर या मूळच्या ऑस्ट्रेलियन लेखिकेने लंडनच्या ‘द गार्डियन’मध्ये लेख लिहून, प्राणिसृष्टीने अखेर आयर्विनवर सूड उगवला, अशा आशयाची टीका केली आणि ऑस्ट्रेलियात संतापाची लाट उसळली. हा लेख वाचून दाखवताच सभागृहात चुकचुकण्याचा आवाज आला आणि पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी ‘मरणान्तानि वैराणि’, म्हणजे वैर मरणापाशी संपते, हे वचन उच्चारले. मला वाटते, त्यांनी त्या वादाचे मर्म अचूक पकडले होते, कारण लोकांचा राग मुद्द्यापेक्षा मुहूर्तावर अधिक होता. मुद्दा जुनाच होता. २००४ च्या जानेवारीत आयर्विनने महिन्याभराच्या मुलाला काखेत घेऊन मगरीला मांस भरवले, तेव्हाच त्याच्यावर चहूकडून टीका झाली होती. समुद्रावरील माहितीपट बनवणारे ज्याँ-मिशेल कुस्तो यांनीही प्राण्यांवर उडी मारून त्यांना पकडण्याच्या त्याच्या पद्धतीला आक्षेप घेतला. आणि गंमत अशी की ‘ओशन्स डेडलिएस्ट’ या माहितीपटात आयर्विनबरोबर काम करत होता तो फिलिप कुस्तो हा त्यांचा सख्खा पुतण्या. एका घरातील हे दोन दृष्टिकोन समोरासमोर मांडले असते तर अर्धा तास रंगला असता. येथे मात्र ‘काही जणांनी टीकाही केली’ या वाक्यावर पडदा पडला.

माझी खरी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. आयर्विनच्या मृत्यूनंतर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर किमान दहा पाकट मासे मेलेले आढळले आणि त्यांपैकी काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. चाहत्यांनी सूड घेतला असावा, असा संशय सर्वत्र व्यक्त झाला. आयर्विनने स्थापन केलेल्या ‘वाइल्डलाइफ वॉरियर्स’ या संस्थेचे मायकेल हॉर्नबी यांना जाहीरपणे सांगावे लागले की हे त्याच्या विचारांच्या अगदी उलट आहे. संपूर्ण शोकाचे हे सर्वांत अस्वस्थ करणारे टोक आहे: ज्याने प्राण्यावर राग धरू नका असे जन्मभर ओरडून सांगितले, त्याच्यावरील प्रेमापोटी प्राणी मारले गेले असावेत. आणि या घटनेला अडीच तासांत जेमतेम अर्धा मिनिट मिळाले. एक छायाचित्र, त्याखाली ‘काटेरी मासा’ असे उपशीर्षक, आणि पुढचे पान.

सुदैवाने चर्चेने ही उणीव भरून काढली. वरळी कोळीवाड्यातून आलेल्या एक मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या मध्येच उठून सूत्रसंचालकांना म्हणाल्या, “अरे बाळा, काटेरी मासा काय? पाकट बोलतात त्याला.” हशा ओसरल्यावर त्यांनी जे सांगितले ते पडद्यावर कोठेही नव्हते. जाळ्यात पाकट आले की पहिल्यांदा त्याची शेपटी तोडायची, हे त्यांच्या घरी लहान पोरांनाही ठाऊक असते. पण त्यात राग नसतो, हात वाचवायचा असतो. काटा शेपटीच्या टोकाला नसून बऱ्याच अलीकडे असतो, त्याच्या कडा करवतीसारख्या असतात, त्यामुळे तो शिरतो सहज आणि निघताना मांस फाडतो. हे त्यांनी स्वतःच्या पंजाचा मासा आणि मनगटाची शेपटी करून, तर्जनीने काट्याची जागा दाखवत समजावले. पाकट वाळूत स्वतःला पुरून घेते, म्हणून पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे ते आधीच निघून जाते, असेही त्या म्हणाल्या.

मग गिरगाव चौपाटीचा विषय निघणारच होता. २०१३ च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाच्या वेळी तेथे पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाकटांनी दंश केला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून विसर्जनाच्या दिवसांत जेलीफिशबरोबर स्टिंग रेबाबतही सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात. त्या वेळी पायात काटा गेलेला एक कार्यकर्ता सभागृहात होता. त्याने वेदनेचे वर्णन केले नाही. ‘आम्ही त्यांच्या घरात शिरलो होतो’ एवढेच तो म्हणाला आणि खाली बसला.

शेवटचा प्रश्न बदलापूरहून आलेल्या एका सर्पमित्राचा होता. साप पकडताना दंश होऊन एखादा सर्पमित्र दगावला की गावात दोन गट पडतात, एक त्याला शहीद म्हणतो आणि दुसरा स्टंटबाज. आयर्विनच्या बाबतीत आपण नेमके काय म्हणायचे, असे त्याने विचारले. सूत्रसंचालकांनी दोन्ही बाजूंचा मान राखणारे गोड उत्तर दिले, जे कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. सर्पमित्राच्या उजव्या हाताचे मधले बोट अर्धेच होते, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. माझे उत्तर असे की दोन्ही शब्द खोटे आहेत, कारण दोन्ही शब्द मृत्यूवरून माणसाचे काम ठरवतात. आयर्विन त्या दिवशी मगरीच्या तोंडात हात घालत नव्हता, तो एका माशामागे पोहत होता. त्याच्या पद्धतीवर आक्षेप घ्यायचा तर मुलाला काखेत घेऊन केलेल्या त्या प्रयोगावर घ्यावा, बॅट रीफवरील सकाळीवर नव्हे.

व्यवस्थेविषयी थोडे. कार्यक्रम साडेपाचचा होता, सुरू झाला पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी. लिफ्ट बंद असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनी आधी चौकशी करून यावे. डाव्या बाजूचे दोन पंखे एवढा आवाज करतात की बिंडीचे भाषण मी निम्मे उपशीर्षकांवरून समजून घेतले. उजवीकडे खिडकीजवळच्या खुर्च्या घ्याव्यात. ध्वनी आणि प्रक्षेपणयंत्र दोन्ही चांगले आहेत. बटाटेवडे गरम होते, चहा नव्हता. त्याच रात्री आठ वाजता दुबईत भारत-पाकिस्तान सामना असल्यामुळे चर्चा ऐन भरात असताना पंधरावीस माणसे उठून गेली, हा दोष आयोजकांचा म्हणता येणार नाही, पण तारीख ठरवताना वेळापत्रक पाहायला हरकत नव्हती.

एवढे असूनही २५० रुपये वसूल झाले, असे मी म्हणेन. हाच कार्यक्रम डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा होणार असल्याचे त्या दिवशी सांगण्यात आले. निघताना जिन्यात सूत्रसंचालक मावशींना थांबवून वहीत काही लिहून घेत होते आणि मावशी त्यांना ‘पा’वर जोर देऊन तो शब्द पुन्हा म्हणून दाखवत होत्या.